जाळी कुणी काढली

"मी या गाडीवर बसणार नाही," थोरली म्हणाली, आणि बादली पायाशी ठेवून रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

तोडणीचा पहिला दिवस होता. दिवस नुकताच उगवला होता, हवेत गारवा होता, आणि आम्ही सगळ्या बाया बादल्या-डबे घेऊन वळणावर जमलो होतो. मोटारसायकली ओळीनं घरघरत होत्या. टोमॅटोचे मळे कालव्याच्या पलीकडं, आणि तिकडं जायला कालव्याच्या काठानं एकच वाट. वाटेवरचा पूल इतका अरुंद, की त्याच्यावरून जीप जात नाही की टेम्पो जात नाही. म्हणून मुकादम मोटारसायकलवाले गोळा करतो आणि एकेकाच्या मागं दोन-दोन बाया कोंबून आम्हाला मळ्यावर पोचवतो. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं. बसत नाही म्हणणारी बाई मुकादमानं आजच बघितली.

"का? गाडीला काय झालं?" त्यानं विचारलं.

"चाकाला जाळी नाही."

"कुठल्या गाडीला आहे?"

"कुठल्याच नाही. म्हणून मी कुठल्याच गाडीवर बसत नाही."

मुकादम माणूस वाईट नाही. पण घाईत असला की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही, आणि तो कायम घाईत असतो.

"अगं बाई, ओढणी आवरून बसलं की झालं. टोक हातात धर आणि बस."

"एका हातात बादली, दुसऱ्या हातानं गाडी धरायची. ओढणी काय दातांत धरू?"

बाया हसल्या आणि मुकादमाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सकाळी सकाळी डोकं खाऊ नकोस. बसायचं तर बस, नाहीतर घरी जा. तोडणीला बाया पैशाला पासरी मिळतात."

थोरलीनं डोक्यावरची ओढणी सोडली, दोन्ही टोकं मागं नेऊन पाठीवर एकमेकांवरून घेतली, पुढं आणून पोटाशी गाठ मारली आणि उरलेलं टोक कमरेत घट्ट खोचलं. मग मुकादमासमोर एक गिरकी घेतली.

"बघा, आहे का कुठं लोंबत? ओढणी मी बांधली. आता चाक तुम्ही बांधा."

एवढं बोलून तिनं बादली उचलली आणि कालव्याच्या वाटेनं चालायला लागली. मी दोन गाड्यांच्या मधे उभी होते. मळा लांब आहे आणि माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत. पण मुकादम तिच्या पाठीकडं बघून हसला आणि मोटारसायकलवाल्यांपैकी एकानं शिट्टी मारली. ती शिट्टी ऐकून माझं टाळकं सरकलं. मीही बादली उचलली आणि तिच्या मागं निघाले.

"मावशी, तुम्ही कशाला आलात?" थोरली म्हणाली.

"मला गाडीवर मळमळतं," मी म्हणाले. आयुष्यात मला गाडीवर कधी मळमळलेलं नाही, आणि हे तिला चांगलं माहीत होतं.

थोरली माझ्या शेजारच्या घरातली मोठी सून. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत, तीही पातळ, त्यामुळं त्यांच्याकडं भांडं पडलं तरी मला कळतं. तिचा नवरा ट्रकवर असतो, घरी पाहुण्यासारखा येतो. घरात सासू, दीर आणि दिराची बायको. तिला सगळे धाकटीच म्हणतात. हे सगळं जे झालं, ते या धाकटीपायी.

आमच्याकडचा कालवा पाझरतो. त्यामुळं काठाची वाट बारा महिने ओली असते. माती काळी आणि इतकी चिकट, की पायातली चप्पल ठेवून घेते. गाडीच्या मागच्या चाकाला बाजूनं जी जाळी असते, कपडा आत जाऊ नये म्हणून कंपनीच लावून देते, त्या जाळीच्या आणि चाकाच्या मधे ही माती जाऊन बसते. माती साचली की चाक अडतं. मग उतरायचं, वाटेवरची एखादी काडी घ्यायची, माती उकरून काढायची आणि पुढं निघायचं. काम एवढंच. पण आमच्या गड्यांना एवढ्याचाही कंटाळा. एकानं जाळी काढून टाकली. त्याची गाडी कुठं अडली नाही, म्हणून दुसऱ्यानं काढली. बघता बघता गावात एका गाडीला जाळी उरली नाही. उलट कुणाच्या गाडीला दिसली तर त्याला हसायचे, म्हणायचे, बायकोनं बुरखा घातलाय गाडीला.

मागच्या हंगामात तोडणीवरून परत येताना धाकटी नवऱ्याच्या मागं बसली होती. दोन्ही पाय एका बाजूला टाकून, कारण बाईमाणसानं तसंच बसायचं असं ठरलेलं. उन्हासाठी ओढणी डोक्यावरून घेऊन गळ्याभोवती गुंडाळलेली. वारा सुटला, टोक सुटलं आणि मागच्या चाकात गेलं. चाकानं ओढणी ओढली आणि ओढणीनं पोरीला गळ्यानं धरून मागं खाली खेचलं. मागचं वजन हललं तेव्हा पुढच्याला कळलं.

नवऱ्यानं आणि वाटेनं जाणाऱ्या एकानं तिला काखेत धरून उचललं. उभं करून बघितलं. पाय टेकेनात, तेव्हा दोघांच्या मधे गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टर त्यांच्यावर केवढा चिडला. म्हणाला, गळ्याचा कपडा कापायचा, माणूस पडलंय तिथंच सरळ ठेवायचं, मान हलू द्यायची नाही आणि फळीवर घालून आणायचं. तुम्ही हिला बसवून आणलीत. मानेचा मणका दुखावला होता आणि मणक्यातली नस दबली होती. त्यातलं चाकानं किती केलं आणि उचलण्यानं किती, ते डॉक्टरलाही सांगता येईना.

तेव्हापासून धाकटी चाकाच्या खुर्चीत आहे. पायांत ताकद नाही. मानेला कडक पट्टा, त्यामुळं डोकं इकडं-तिकडं वळत नाही. डाव्या हातानं कप धरते. उजव्या हाताची बोटं अगदी निर्जीव होती. पण दवाखान्यात व्यायाम घेणारी एक बाई आहे, तिनं पिच्छा पुरवला, आणि आता कुठं ती बोटं मिटायला लागली आहेत. थोरली तिला दर आठवड्याला जीपनं घेऊन जाते.

एवढी सोन्यासारखी पोर खुर्चीला खिळली, तरी गावाचं बोलणं काय? तिचा नवरा चारचौघांत सांगायचा, "नीट बसायला नको? किती वेळा सांगितलं होतं." सासू म्हणायची, "पहिल्यापासून तिला अंगावरच्या कपड्याचं भान नाही." सगळं खापर तिच्याच डोक्यावर फोडलं. आणि आता घरात नवीनच टूम निघाली होती. हंगामात सगळे बाहेर असतात, हिच्याकडं बघणार कोण, तर तिला थोडे दिवस माहेरी ठेवू. माहेर डोंगरात, एकटी म्हातारी आई, जवळपास ना दवाखाना ना ती व्यायामवाली बाई. आणि हे थोडे दिवस कधी संपायचे नाहीत हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. भिंतीपलीकडं ते बोलणं चाललं की मी इकडं भांडी आपटायचे.

त्या पहिल्या दिवशी आम्ही दोघी मळ्यावर पोचलो तेव्हा बाकीच्यांच्या दोन ओळी तोडून झाल्या होत्या. मुकादम बोलायचं ते बोलला. संध्याकाळी तसंच पायी परत आलो. मी थोरलीच्या ओट्यावरच बसकण मारली, घरात जायचंही त्राण नव्हतं. धाकटी दारात खुर्चीत बसून आमचीच वाट बघत होती.

"ताई, खरंच चालत गेलात?"

"गेलो आणि आलोसुद्धा," थोरली पायावर पाणी घेत म्हणाली.

"माझ्यासाठी भांडू नका. सगळे तुम्हालाच बोलतील."

"तुझ्यासाठी कोण भांडलं? मला माझी मान प्यारी आहे."

धाकटी हसली. मग म्हणाली, "मी त्यांना सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

"जाळी काढू नका म्हणून. इथंच अंगणात काढत होते. मी म्हटलं, राहू द्या, माझी ओढणी जाईल चाकात. तर म्हणाले, तू ओढणी सांभाळ, गाडी मी सांभाळतो."

थोरलीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "आणि हे तू इतके दिवस बोलली नाहीस?"

"विचारलं कुणी? येतो तो मला विचारतो, ओढणी कशी गं सुटली. जाळी कुणी काढली, असं एकानं तरी विचारलं का?"

मी तिथं बसले होते, आणि मीही विचारलं नव्हतं.

"तिकडं पाठवलं तर ही बोटं अशीच राहतील, ताई," धाकटी म्हणाली. तिनं उजवा हात मांडीवर ठेवला आणि सगळा जीव एकवटून बोटं अर्धी मिटून दाखवली. "आणि सगळे म्हणतील, वेंधळी होती, नांदवली नाही. मला ते नको आहे."

त्याच संध्याकाळी जेवताना थोरलीनं दिराला सरळ विचारलं. मला भिंतीतून एकूण एक शब्द ऐकू आला, आणि मी कान देऊनच ऐकत होते.

"भाऊजी, तुमच्या गाडीची जाळी कुठं आहे?"

"गंजली होती. पडली असेल कुठं वाटेत."

"पडली की काढली?"

"वहिनी, तुम्ही सकाळी वळणावर तमाशा केलात तेवढा पुरे. घरातल्या गोष्टी वेशीवर टांगू नका." मग ताट सरकवल्याचा आवाज आला. सासू म्हणाली, "जेवू दे की त्याला. दमून आलाय."

दुसऱ्या दिवशी तोडणीवरून येताना थोरली घराकडं वळलीच नाही. तडक वायसरच्या दुकानात गेली, आणि तिच्या मागून मी.

वायसर म्हणजे आमच्याकडचा गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री. गाडी खोलून परत जोडली की एखादा वायसर त्याच्याकडं हमखास उरतो. गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणतो, कंपनीनंच जास्तीचा दिला होता. काळं तेल लागलेली जमीन, भिंतीला लटकवलेले टायर, आणि मागच्या पत्र्याखाली जाळ्यांचा हा ढीग. सगळ्यांनी काढून त्याच्याकडं टाकलेल्या. चिखल कमी झाला की नेतो असं प्रत्येकजण सांगून गेला होता, आणि आमच्याकडं चिखल कमी होतो कधी?

थोरली ढिगाशी उकिडवी बसली आणि एकेक जाळी बाजूला काढायला लागली. शेवटी एक हिरवी निघाली. ती मीही ओळखली. लग्नानंतर घराची दारं रंगवली तेव्हा उरलेल्या रंगात धाकटीनं हौसेनं ती जाळी रंगवली होती, गाडी घराला शोभली पाहिजे म्हणून. कुठं मोडलेली नव्हती, गंजलेली नव्हती. तिचे बोल्टसुद्धा तारेनं जाळीलाच बांधून ठेवलेले.

"ही वाटेत पडली होती का हो?" थोरलीनं विचारलं.

वायसर गरजेपेक्षा जास्त वेळ हात पुसत राहिला. "त्यानंच आणून टाकली. म्हणाला, बायकोची कटकट नको, घरात ठेवली तर परत लाव म्हणेल." मग आवाज उतरवून म्हणाला, "पण मला मधे घेऊ नका. रोजचं गिऱ्हाईक आहे."

"तुम्हाला कोण घेतंय मधे? जाळी मात्र नीट ठेवा. ती भंगारात गेली तर मी इथंच येऊन बसेन."

"नाही जात. ठेवतो बाजूला," वायसर म्हणाला, आणि खरोखरच ती जाळी त्यानं वरच्या खिळ्याला अडकवली.

तिसऱ्या दिवशी वळणावर आमच्यात आणखी दोघी आल्या. मग आणखी. मी सगळ्यांना जाळीचं सांगत सुटले होते, खोटं कशाला बोलू. वाटेनं चालताना थोरली एकेकीला ओढणी बांधायला शिकवायची. गळ्याला वेढा द्यायचा नाही, टोकं पाठीवर सोडायची नाहीत, गाठ पोटाशी, उरलेलं कमरेत. आणि गाडीवर बसायचं तर गड्यांसारखं, दोन्हीकडं पाय टाकून.

"अगंबाई, तसं कसं बसायचं?" एक नवी सून लाजून म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे," मी म्हणाले. "मोडलेली मान जोडायला लोक येत नाहीत. हिच्या घरी जाऊन बघ, किती आले ते."

ऊन तापायला लागलं होतं. झाडावर टोमॅटो लाल होत होते, आणि लाल झालेला टोमॅटो कुणासाठी थांबत नाही. आम्ही पायी पोचेपर्यंत सकाळचा गार वेळ निघून जायचा. मळेवाला बांधावर उभा राहून मुकादमाचा उद्धार करायचा. मुकादमानं दुसऱ्या गावाहून बाया आणल्या. त्या एक दिवस गाडीवरून आल्या, दिवसभर ओळीत आमच्याशी बोलल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याही आमच्याबरोबर पायी निघाल्या. त्या दिवशी मुकादमाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

शेवटी तो थोरलीच्या ओट्यावर येऊन बसला.

"बोल बाई, काय पाहिजे तुला?"

"प्रत्येक गाडीला जाळी आणि चेनवर झाकण. पुलाशी थांबायचं, काडीनं माती काढायची, मग पुढं निघायचं."

"आणि तुम्ही काय करणार?"

"ओढण्या बांधून येऊ आणि नीट बसू. आम्ही आमचं करतो, तुम्ही तुमचं करा."

"एवढंच?"

"एवढंच होतं, मुकादम. काडी घेऊन वाकायचा कंटाळा, त्यात एका पोरीची मान गेली."

मुकादमानं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या गाड्या वायसरकडं आणायच्या, ज्याच्या गाडीला जाळी नाही त्याला तोडणीचं भाडं नाही, असं ठरलं. थोरलीनं उठून त्याला पाणी दिलं. आता सगळं संपलं असं मला वाटलं.

पण दीर तिथंच दाराला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "मला नाही लावायची जाळी. भाडं नको मला. माझ्या मागं आता बसणार आहे कोण?"

धाकटी आतच होती, दारापासून हातभर अंतरावर. सगळं ऐकत होती. आणि तो तेवढ्यावर थांबला नाही. मुकादमाला म्हणाला, "परवा तुमची जीप द्या. हिला माहेरी पोचवायची आहे. आई सामान बांधतेच आहे."

मला इतका राग आला, की मी काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. थोरलीनं माझा हात धरून मला बसवलं. मुकादम चपला शोधायला लागला. आतून धाकटीनं हाक मारली.

"ताई, उद्या संध्याकाळी मलाही वायसरकडं न्या."

"तू तिथं काय करणार?"

"बघणार," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी तिला नेलं. निघताना थोरलीनं तिच्या पायांवरची शाल चारी बाजूंनी मांडीखाली दाबून बसवली, कारण खुर्ची असली तरी तिलाही चाकं आहेतच. गल्लीभर लोक दारात येऊन बघत होते. सासू मागून येत होती, "कशाला हे, लोक हसतील," असं पुटपुटत. पण येत होती. घरी एकटी बसून तिलाही चैन पडलं नसतं.

वायसरकडं जत्रा जमली होती. गाड्या आडव्या-तिडव्या लावलेल्या, गडी आपापल्या जाळ्या ओळखून काढत होते, एकमेकांच्या घेऊन भांडतही होते. तोडणीच्या बाया एका बाजूला उभ्या राहून कुणाचा बोल्ट ढिला राहिला ते दाखवत होत्या. मी तर प्रत्येक जाळीला हात लावून हलवून बघत होते. दोघांना परत आवळायला लावलं. त्यांनी तोंडं वाकडी केली, पण आवळलं. धाकटीची खुर्ची आम्ही दाराशी उजेडात ठेवली.

दीरही आला होता. जाळीसाठी नाही, टायरमधे हवा भरायला आलोय असं कुणी न विचारताच सांगत होता. बायको दिसल्यावर तो गाडी घेऊन तिच्या पाठीमागच्या बाजूला, टायरांच्या आडोशाला जाऊन उभा राहिला.

ढीग संपला. खिळ्याला अडकवलेली हिरवी जाळी तेवढी राहिली. वायसर तिच्याकडं बघत होता आणि बघत नाही असं दाखवत होता. मग थोरली पुढं गेली, तिनं ती काढली आणि धाकटीच्या मांडीवर ठेवली.

"राहू दे आता," मुकादम हळूच म्हणाला. "झालं गेलं. उकरून काय मिळणार?"

"ही आमची आहे," धाकटी म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण पाने-हातोड्यांचा आवाज बंद पडला. "हिला रंग मी दिलाय. मी नीट बसले नव्हते असं सगळ्यांना सांगितलंय ना, मग आज सगळे आहेत तर विचारते. ही गाडीची जाळी कुणी काढली?"

सासू जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडं बघत होती. वायसरनं हातातलं फडकं घट्ट धरलं होतं.

"मी काढू नका म्हणाले होते," धाकटी म्हणाली. "तेही सांगा कुणीतरी. मीच सांगितलं तर परत मलाच खोटं पाडाल."

मग टायरांच्या बाजूनं आवाज आला, कसाबसा.

"मी काढली."

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. एकटीची वळली नाही.

"समोर येऊन सांगा," धाकटी म्हणाली. "मला मान वळवता येत नाही."

तो जागचा हलेना. मला वाटलं, आता गाडीला लाथ मारून निघून जाईल. पण जायची वाट आम्ही बाया उभ्या होतो तिथूनच होती, आणि एकही बाई बाजूला झाली नाही. शेवटी तो गाड्यांमधून वाट काढत आला आणि तिच्या खुर्चीसमोर उभा राहिला. नजर तिच्या पायांवर.

"खाली नको. माझ्याकडं बघा."

त्यानं वर बघितलं. एवढ्या दिवसांत त्यानं तिच्याकडं सरळ बघितल्याचं मला तरी आठवत नव्हतं. त्याचा चेहरा पडला.

"जाळी मी काढली," तो म्हणाला. "तू नको म्हणत होतीस. मी ऐकलं नाही." आणि मग कुणी न विचारता म्हणाला, "तू नीट बसली होतीस."

"आई, ऐकलंत?" धाकटीनं विचारलं.

सासूनं फक्त मान हलवली.

"मान हलवलेली मला दिसत नाही, तुम्ही मागं आहात."

"ऐकलं गं," सासू म्हणाली.

"मुकादम, उद्या जीप आणू नका. मी कुठंही जाणार नाही. मला आठवड्याला दवाखान्यात जायचं असतं, त्या दिवशी आणा."

"आणतो," मुकादम म्हणाला.

धाकटीनं डाव्या हातानं जाळी उचलून नवऱ्यापुढं धरली. जाळी जड होती, पण तिनं खाली ठेवली नाही. थोरली मदतीला पुढं होणार होती, मीच तिचा हात मागं ओढला. त्यानं जाळी घेतली.

"बसवा," धाकटी म्हणाली. "आणि गाडी माझ्या समोर आणून बसवा. मला दिसलं पाहिजे."

त्यानं गाडी आणली, तिच्यासमोर उभी केली आणि तेलकट जमिनीवर गुडघे टेकून कामाला लागला. वायसर पाना द्यायला वाकला तर धाकटी म्हणाली, तुम्ही राहू द्या, त्यांना येतं. शेवटचा बोल्ट त्यानं आवळला, तेव्हा तिनं आणखी एकदा आवळायला लावला.